कागदाची का तारेची

रत्नमालाच्या घरात ‘लाईट आली’ एवढं म्हणून भागत नसे. कुणी तसं म्हणालं, की आतल्या खोलीतून सासूबाईंचा सवाल यायचाच, “कागदाची का तारेची?” कागदाची म्हणजे बिल, तारेची म्हणजे वीज. आपल्याकडे दोन्हीला लाईटच म्हणतात. या महिन्यात लाईट किती आली, लाईट भरली का, लाईट गेली का, असं पुंडलिकनगरातली अख्खी गल्ली बोलते आणि कुणाचं काही अडत नाही. सासूबाई, म्हणजे केसरबाई, उगीच खोड्या काढतात असंच सगळ्यांना वाटायचं. रत्नमालालाही वाटायचं.

केसरबाई मूळच्या फुलंब्रीकडच्या. उभा जन्म चुलीपुढं गेला. घरात गॅस आला तोवर धुरानं आपलं काम करून ठेवलं होतं. आता त्यांच्या नाकात नळी होती आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन. ते हवेतला ऑक्सिजन ओढून नळीतून द्यायचं आणि दिवसरात्र घरघरत राहायचं. लाईट गेली की घरघर थांबायची आणि मशीन टीं टीं करून ओरडायला लागायचं. मग रत्नमालानं हातातलं टाकून धावायचं. मशीनची नळी काढायची, कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडायची, चावी लावून वरची कळ फिरवायची. लाईट आली की सगळं परत उलटं. तेवढ्या वेळात केसरबाईंचे ओठ काळपट पडायचे, पण तोंड बंद पडायचं नाही.

रत्नमाला दमली होती. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण तिनं स्वतः ते कधी कुणाला सांगितलं नाही. नवरा, आप्पासाहेब, जाऊन काही वर्षं झाली होती आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. लग्नाकार्याला जायचं बंद झालं होतं. भाजीला गेली तरी तिचे कान घराकडं. दुपारी अंग टाकलं तरी डोळे तेवढे मिटायचे, कान उघडेच. असं झोपणं म्हणजे झोपणं नव्हे. माणूस पडून राहतो, एवढंच. तिला साडी नको होती, सोनं नको होतं, यात्राही नको होती. एक दुपार गाढ झोप हवी होती, आणि ती मागायची कुणाकडं हेच तिला कळत नव्हतं.

मुलगा ऋतुराज पुण्याला नोकरीला. पोरगं वाईट नव्हतं. पैसे पाठवायचं, फोन करायचं, आजीवर जीव होता. बिल त्याच्या मोबाईलवर जायचं. मशीन अखंड चालणार म्हटल्यावर बिल बघून त्याचे डोळे पांढरे व्हायचे. एक दिवस फोनवर म्हणाला, “आई, आपण सोलर बसवून टाकू. लाईटची कटकटच मिटते.”

रत्नमाला ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातातलं उलथणं तिथंच थांबलं.

“मिटती? सगळी?”

“कायमची. पंचवीस वर्षं बघायला नको.”

तिनं गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली. तिला रडूच यायला लागलं. एवढं सोपं होतं तर आधी कुणी का सांगितलं नाही, असं झालं तिला. त्या आठवड्यात केसरबाई नेमक्या दवाखान्यात भरती होत्या. घरी असत्या, तर आतून सवाल आला असता. पण त्या नव्हत्या, आणि कटकट कागदाची का तारेची, हे कुणी विचारलंच नाही.

मग कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत कागदाची पत्रिका. पत्रिकेवर एक हसरं कुटुंब पॅनलकडं बघत उभं. सरकारची सबसिडी किती, कर्जाचा हप्ता किती, किती वर्षांत पैसे वसूल, हे सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. रत्नमालाला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. तिनं तिच्या कामाचं तेवढं विचारलं.

“आमच्याकडं पेशंट आहे. ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालतं. त्याला काही अडचण?”

“काकू, एसी चालवा तुम्ही बिनधास्त! मशीनचं काय घेऊन बसलात? लाईटचं टेन्शन विसरायचं आता.”

त्याला ती बिलाचंच विचारते आहे असं वाटलं. आणि तिनं ठरवलं, विसरायचं.

गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर काळे चकचकीत पॅनल बसले. रत्नमालाच्या कुरडया-पापडांची जागा गेली. दरवर्षी जिथं ती जुन्या साड्या अंथरून वाळवण घालायची, तिथं आता वाकून चालावं लागायचं. वाळवण तिनं शेजारच्या आवडाबाईंच्या गच्चीवर नेलं आणि बदल्यात निम्म्या कुरडया त्यांना देऊन टाकल्या. एक मात्र खरं, पॅनलच्या सावलीनं खालची खोली गार झाली. उन्हाळ्यात केसरबाईंची खोली नुसती भाजून काढायची. यंदा ऊन तापायला लागलं तरी त्यांना गोधडी अंगाखाली सहन व्हायला लागली. वीज बनो न बनो, छप्पर झालं हे बरं झालं, असं त्या म्हणायच्या.

नवं मीटर बसलं, कंपनीच्या माणसानं बटण दाबलं, आणि त्याच दिवशी रत्नमालानं फारूखभाईंना फोन केला. फारूखभाईंचं सिलिंडर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. वेळी-अवेळी भरलेला सिलिंडर पोचता करायचे.

“भाभी, नेऊ मग? पक्कं?” त्यांनी उंबऱ्यातून विचारलं.

“हो. आता सोलर आहे.”

“मुबारक हो,” म्हणाले, आणि सिलिंडर कडेनं गोलगोल फिरवत घेऊन गेले. कोपऱ्यात फरशीवर गंजाचा गोल डाग तेवढा राहिला. रत्नमालानं तो दोनदा घासला. गेला नाही.

त्या दुपारी ती झोपली. केसरबाईंच्या खाटेशेजारी चटई टाकून, पदर तोंडावर घेऊन, उघड्या तोंडानं. उठली तेव्हा उन्हं कलली होती आणि आपण कुठं आहोत हे तिला घटकाभर कळेना.

“लई घोरतीस गं तू,” केसरबाई म्हणाल्या. “माझं मशीन बरं त्याच्यापरीस.”

“उठवायचं ना मग, आत्याबाई.”

“कामून उठवू? मेलेल्या माणसावानी पडली व्हतीस. बरं वाटलं बघून.”

नशीब म्हणा किंवा थंडी सरतीचे दिवस म्हणा, पुढं बरेच दिवस लाईट गेली नाही. रत्नमालानं त्याचं सगळं श्रेय गच्चीला दिलं. “बघा आत्याबाई, गेली का एकदा तरी?” असं ती म्हणायची आणि तिच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं होतं. बिलही आलं ते नावापुरतं. ऋतुराजनं फोनवर शीळ घातली. “आई, लाईट जवळपास शून्य!” रत्नमालानं ते कौतुकानं आत जाऊन सांगितलं.

“कागदाची ना?” केसरबाईंनी विचारलं.

“दोन्हीची म्हणा,” रत्नमाला हसून म्हणाली.

त्रास नव्हता असं नाही. पुण्यात बसून ऋतुराज मोबाईलवर वीज किती बनते ते बघत असायचा. जरा कमी झाली की फोन. “आई, धूळ बसली असणार. पॅनल पुसून घे.” आता या शहरात नळाला पाणी येतं आठ-आठ दिवसांनी. ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसं ड्रम, पिंपं, घागरी, सापडेल ते भरून ठेवतात आणि पुढं थेंब थेंब जपून वापरतात. त्यातली बादली घेऊन रत्नमाला गुडघे दाबत जिना चढायची.

“माणसाला आंघोळीला तांब्याभर पाणी अन् वर पत्र्याला अभ्यंगस्नान,” केसरबाई खालून म्हणायच्या.

रत्नमाला कुरकुर करत नसे. झोपेची किंमत आहे, असं समजून ती पॅनल पुसायची. आणि तेवढ्यावर भागलं, स्वस्तात पडलं म्हणायची.

मग ऊन चढलं. एक दिवस भर दुपारी, कुकरची शिट्टी होते न होते तोच आतलं मशीन ओरडायला लागलं.

रत्नमाला धावली नाही. हे तिला पुढं किती दिवस खात राहिलं. ती थांबली. तिला वाटलं, आता गच्चीवरून येईल. तारेची गेली, सोलरची येईल, मध्ये थोडा वेळ लागत असेल. ती खोलीच्या दारात उभी राहून पंख्याकडं बघत राहिली. पंखा हळू होत होत थांबला. मशीन ओरडतच होतं.

“रत्ना,” केसरबाई म्हणाल्या, “नळीत काय येत नाय.”

“येईल आत्याबाई, आता येईल.”

तिनं बटणं दाबून पाहिली. मग जिन्यानं वर पळाली. गच्चीत मरणाचं ऊन होतं. पॅनल त्या उन्हात निवांत तळपत पडले होते, परवाच पुसलेले, एक डाग नाही. वर डोक्यावर इतका सूर्य आणि खाली आपल्या घरात एक पंखा फिरत नाही, हे तिच्या डोक्यात शिरेना. जिन्याजवळच्या सोलरच्या पेटीवर एक लाल दिवा लुकलुकत होता, बाकी सगळं बंद. तिनं पेटीवर थाप मारली. टीव्हीला मारतात तशी.

खाली आली आणि सवयीनं कोपऱ्याकडं वळली. तिथं गंजाचा गोल डाग होता.

फारूखभाईंनी फोन लगेच उचलला. “भाभी, मी तर फुलंब्रीत आहे, डिलिव्हरीला. घाबरू नको. माझी पोरगी शहजादी दुकानावर आहे, तिला सांगतो. रिक्षात घालून लगेच आणते.”

रत्नमालानं केसरबाईंना उठवून बसवलं, पुढं उशा रचल्या, त्यावर हात टेकवून ओणवं केलं. डॉक्टरांनी असंच शिकवलं होतं. वाऱ्यासाठी काहीतरी हवं म्हणून हाताला लागलं ते उचललं. ती सोलरची गुळगुळीत पत्रिका होती. तिनं वारा घालायला घेतला. हसरं कुटुंब केसरबाईंच्या तोंडापुढं वरखाली व्हायला लागलं. केसरबाई ओठांचा चंबू करून श्वास सोडत होत्या, आणि प्रत्येक श्वास मागून घेतल्यासारखा येत होता. त्या काही बोलत नव्हत्या. त्या बोलत नाहीत म्हटल्यावर रत्नमाला आणखी जोरात वारा घालायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतुराज.

“आई, मोबाईलवर एकदम शून्य दाखवतंय. एवढं ऊन असून? पॅनलवर काही पडलंय का बघ ना.”

“लाईट गेलीये.”

“हां, मग बरोबर आहे. मग ते बंदच होणार.”

रत्नमालाचा हात थांबला. “बंद होणार म्हणजे?”

“आई, बॅटरी नाहीये ना आपल्याला. बाहेरची लाईट गेली की सोलर आपोआप बंद होतं. आपली वीज तारेत गेली तर खांबावरच्या लाईनमनला शॉक बसेल. सगळीकडं असंच असतं.”

“तुला माहीत होतं?”

“हो मग. त्या माणसानं सांगितलं होतं.” मग तो एकदम थांबला. “आई, आजीचं मशीन? सिलिंडर लावलास ना?”

“सिलिंडर परत दिला.”

“परत दिला? कुणी सांगितलं परत द्यायला?”

“तू म्हणालास ना, लाईटची कटकट मिटली.”

“अगं, मी बिलाचं म्हणत होतो!”

तिनं फोन खाटेवर ठेवला आणि परत वारा घालायला लागली. फोनमधून ऋतुराज ‘आई, आई’ करत होता. केसरबाईंनी एका श्वासाच्या फटीतून हळूच विचारलं, “कागदाची व्हती व्हय?”

“व्हय, आत्याबाई. कागदाची.”

शहजादी आली ती बुरख्यात घामानं न्हालेली, रिक्षावाल्याच्या मदतीनं सिलिंडर ओढत. दोघींनी मिळून तो उंबऱ्यावरून घेतला. रत्नमालानं नळी जोडली, चावी लावली. कळ तिच्यानं फिरेना, तेव्हा शहजादीनं तिच्या हातावर हात ठेवून ती फिरवली. सिलिंडरला लावलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे आले. केसरबाईंच्या ओठांवरचा काळपटपणा उतरायला बराच वेळ लागला. तोवर त्या दोघी खाटेच्या दोन बाजूंना नुसत्या बसून होत्या. मग शहजादी उठून आत गेली आणि न विचारता चहा करून घेऊन आली.

संध्याकाळी लाईट आल्यावर ऋतुराजचा परत फोन आला. आवाज पडलेला होता. रत्नमालाचे हात पिठात होते म्हणून फोन स्पीकरवर होता, केसरबाईंच्या उशाशी.

“आई, चुकलंच माझं. मी चौकशी केली. बॅटरी बसवता येते. पण आपली ती सोलरची पेटीही बदलावी लागेल आणि बॅटरी महाग आहे. आत्ताच हप्ता चालू आहे. बॅटरी घातली तर पैसे वसूल व्हायला दुप्पट वर्षं जातील. आणि बॅटरी तरी काय, बिल काही त्यानं कमी होणार नाही. ती फक्त आजीच्या मशीनसाठी. म्हणजे... आई, मी हिशोब म्हणून सांगतोय... तितकी वर्षं...”

पुढचं त्याच्यानं बोलवेना. रत्नमालानं पिठाच्या हातानंच फोनकडं झेप घेतली, पण केसरबाईंनी तो आधीच उचलला होता.

“ऋत्या, तुझा पत्रा पंचवीस वर्षं टिकतो म्हणं?”

“आजी...”

“मी नाय टिकत तेवढी. तुझा हिसाब बरोबर हाय लेकरा. रडू नको. जेवला का?”

तो खरंच रडत होता. दिवाळीत बोनस आला की बॅटरी घेऊच, असं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. दिवाळी लांब होती. सगळा उन्हाळा मध्ये पडला होता.

रत्नमाला खाटेच्या कडेला बसली. पीठ हाताला वाळत होतं. आता काही लपवायचं राहिलं नव्हतं म्हणून असेल, किंवा दिवसभराच्या भीतीनं आतलं काही सैल झालं असेल, ती सरळ बोलून गेली. “आत्याबाई, मला बिलाचं काय करायचं होतं? मला झोप पाहिजे होती. तुमचा जीव टांगणीला लावून मी झोप घेतली.”

केसरबाईंनी उशीवरून मान वळवली. मग कोपऱ्याकडं बोट केलं. सिलिंडर परत त्याच्या गंजाच्या डागावर येऊन बसला होता.

“तो हिकडं आण. उशाशी.”

“कशाला?”

“आण म्हणते ना.”

रत्नमालानं तो गोलगोल फिरवत खाटेशी आणला, दोरीनं खाटेच्या पायाला बांधला. केसरबाईंनी हात पुढं केला. “चावी दे. अन् दाखव कसं फिरवायचं.”

“तुम्हाला नाही जमायचं. बोटांत जोर कुठंय?”

“जात्यावर पायलीपायली दळलं ह्या बोटांनी. दाखव.”

जमायला दिवस लागले. मशीनची नळी काढताना त्या दमायच्या, चावी हातातून गळून पडायची, शिव्या घालायच्या मशीनला, सिलिंडरला, ऋत्याच्या कंपनीला आणि सरकारला. रत्नमालानं चावी सुतळीनं त्यांच्या मनगटाला बांधून दिली. कळ सैल ठेवायची हे फारूखभाईंनी सांगितलं. दुपारी जेवणं झाली, की दोघी तोच खेळ खेळायच्या. रत्नमाला म्हणायची, “गेली,” आणि केसरबाई नळी काढायच्या. एके दुपारी बाटलीत बुडबुडे आले आणि केसरबाईंनी मान वर करून सुनेकडं पाहिलं. श्वास लागला होता, पण डोळ्यांत मिश्कीलपणा होता.

“आता नीज,” त्या म्हणाल्या.

“नको.”

“नीज म्हणते ना. सासूचं ऐकत जा कधीतरी. लाईट गेली तर मी हाय.”

रत्नमालानं चटई टाकली. पदर तोंडावर घेतला. कान उघडे ठेवूनच पडली. जन्माची सवय, एका दिवसात कुठली जाते? वर गच्चीत पॅनल आपल्या परीनं वीज बनवत होते, ती तारेत जात होती, कागदावर वजा होत होती. आत मशीन घरघरत होतं. ती घरघर ऐकता ऐकता तिचे कान कधी मिटले, तिला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. पंखा फिरत होता, मशीन घरघरत होतं. ती दचकून उठून बसली. केसरबाई उशीला टेकून होत्या, ओठ नेहमीसारखे, कपाळावर घाम. मनगटाची सुतळी मोकळी सुटली होती आणि चावी सिलिंडरवर तशीच राहिली होती.

“आत्याबाई! लाईट गेली होती?”

केसरबाईंनी एक लांब श्वास घेतला. मग सावकाश सोडला.

“गेली व्हती. आली बी,” त्या म्हणाल्या. “तू घोरत व्हतीस.”